डिंक दिवाळीत दिसतो, लागण आषाढातली असते

घनसावंगीकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. नऊ वर्षांची न्यूसेलर जातीची मोसंबी, ४०० झाडं, मध्यम काळी जमीन, विहिरीकडून ओढ्याकडे उतार. गेल्या दिवाळीत चार झाडांच्या बुंध्याला डिंक आला, त्यातली दोन वाळली. उन्हाळ्यात डिंक वाढला नाही, तेव्हा रोग गेला असं समजून ते निर्धास्त झाले. यंदा पाऊस उघडल्यावर मोजलं तर सतरा झाडं. दुकानदाराने दिलेल्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या झाल्या, फरक काही नाही. मध्ये त्यांनी परदेशातल्या रास्पबेरीच्या मळ्याचा व्हिडिओ पाहिला. त्यात जुन्या काड्या कापून जाळायला सांगितलंय, कारण बुरशी थंडीभर त्या काड्यांवर बसून राहते. तर मोसंबीचीही जोरात छाटणी करू का, आणि नेमकं औषध कोणतं, असं ते विचारतात.

भाऊ, छाटणी आणि औषध हे नंतरचं. तुमच्या प्रश्नातली खरी गोम वेगळीच आहे. दिवाळी ते पुढचा आषाढ हा रोग राहिला कुठे, आणि चाराची सतरा झाडं कोणी केली? एवढं कळलं की बाकीचं बरंच आपोआप सुटतं. मी बदनापूर तालुक्यात तीस वर्षं मोसंबी करतो, त्यातली पंधरा वर्षं कलमांची रोपवाटिकाही होती. पाण्यावाचून बागा जळताना पाहिल्या, २०१२-१३ चा दुष्काळ जालन्यात कोण विसरेल? पण पाणी असून, पाण्यामुळेच मेलेली झाडंही काही कमी पाहिली नाहीत.

व्हिडिओ खोटा नाही. रास्पबेरीची काडी साधारण दोन वर्षांची धनी. पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळ देते आणि वाळते. तिच्यावरच्या करप्याच्या आणि काडी मारणाऱ्या बुरश्या त्या जुन्या काडीच्या सालीत थंडी काढतात, आणि वसंतातल्या पावसाचे थेंब तिथून बीजाणू उडवून शेजारच्या कोवळ्या काडीवर नेतात. म्हणून फळ संपलं की जुनी काडी जमिनीलगत कापून मळ्याबाहेर काढतात. रोगाचं बिऱ्हाडच उचलून फेकायचं, असा तो हिशेब. हिशेब बरोबर आहे, फक्त आपल्या डिंक्याचं, म्हणजे या डिंकाच्या रोगाचं, बिऱ्हाड वर फांदीवर नाही. ते मातीत आहे. वरची अर्धी फांदी कापलीत तरी खालचा पाहुणा जागेवरच राहणार. (छाटणीचा उपयोग एका वेगळ्या बुरशीसाठी आहे, त्यावर पुढे बोलतो.)

आपण ज्याला डिंक्या म्हणतो तो करणारा फायटोप्थोरा. बोलताना आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबात ही खरी बुरशी नाही. तिचं गोत्र पाण्यातल्या शैवालांच्या जवळचं. हा पुस्तकी बारकावा वाटेल, पण तुमच्या दोन फवारण्यांचे पैसे इथेच बुडाले. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीत जिथे घाव घालतं, तिथे या मंडळींवर त्याचा घाव बसत नाही. शिवाय तुम्ही फवारलं पानांवर, रोग आहे बुंध्याला आणि मुळांना. १८४५ च्या सुमारास आयर्लंडमधला बटाटा नासवून दुष्काळ पाडला तो याच फायटोप्थोराचा भाऊबंद. नावाचा ग्रीक अर्थच मुळी झाडाचा नाश करणारा.

आता हंगाम समजून घ्या. उन्हाळ्यात आणि ताणाच्या काळात, म्हणजे फुलं यावीत म्हणून आपण बागेचं पाणी तोडतो तेव्हा, हा जाड कवचाचे बीजाणू करून मातीत आणि कुजक्या मुळ्यांत पडून राहतो. वर्षानुवर्षं राहू शकतो. मृगाचा पाऊस झाला, माती दोन-चार दिवस सलग ओली राहिली की तो जागा होतो आणि पोहणारे बीजाणू सोडतो. त्यांना शेपट्या असतात, आणि कोवळी पांढरी मुळी जो रस सोडते त्याच्या वासावर ते तिच्याकडे ओढले जातात. स्वतःच्या बळावर ते फार तर काही बोटं पोहतील. पण वाहत्या पाण्यात पडले की पाणी जाईल तिथे जातात. बाग ओलांडून शेजाऱ्याच्याही बांधात जातात.

म्हणजे लागण आषाढ-श्रावणात. मग डिंक तेव्हा का दिसत नाही? कारण मोसंबीचा डिंक पाण्यात विरघळतो. झड लागली की तो धुऊन जातो. तुम्ही बागेत फिरता, बुंधा स्वच्छ दिसतो, मनाला बरं वाटतं. पाऊस उघडतो, ऑक्टोबरचं ऊन पडतं, तेव्हा झिरपलेला डिंक वाळून गुळाच्या खड्यासारखा चकाकतो आणि आपण म्हणतो, रोग आला. तो आलेला नसतो, तीन-चार महिने आधीच मुक्कामाला असतो. म्हणून आज दिसणाऱ्या सतरा झाडांकडे बघून उद्याचं औषध ठरवलं की आपण कायम एक हंगाम मागे राहतो. त्यातून सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते तुम्ही भोगलंय. ज्या झाडांच्या बुडाशी तेव्हा पाणी तुंबलं, त्यातली काही आज अगदी निरोगी दिसत असतील. त्यांना निरोगी धरू नका.

मात्र डिंक दिसला की डिंक्याच, असंही नाही. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. साल खाणारी अळी असली तर खोडाच्या बेचक्यात भुश्याची आणि विष्ठेची जाळी लोंबते, आत छिद्र असतं. त्याचा इलाज वेगळा. उन्हाने साल भाजली तर जखम बहुतेक पश्चिमेच्या अंगाला आणि वर असते. डिंक्याची जखम जमिनीजवळ, बहुतेक वेळा कलमाच्या डोळ्याच्या, म्हणजे खालचा खुंट आणि वरची मोसंबी जुळते त्या सांध्याच्या, आसपास सुरू होते. खात्री अशी करायची: बुंध्यापासची माती हाताने बाजूला करा, चार बोटं खाली जा. धारदार चाकूने साल नखाएवढी खरवडा. चांगली साल आतून ओलसर, हिरवट-पांढरी लागते आणि चाकूला चिवट जाते. रोगट साल तपकिरी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, कधी आंबूस वासाची. चाकू सरकवत वर जा, बाजूला जा, आणि तपकिरी कुठे संपते ती रेघ शोधा. कित्येकदा बाहेर डिंकाचा ठिपका रुपयाएवढा असतो आणि आत साल तळहाताएवढी गेलेली असते. मग बुंध्याभोवती फिरून ती किती भागात पसरली ते बघा. खोडाचा निम्म्यापेक्षा जास्त वेढा गेला असेल तर त्या झाडावर पैसा घालू नका, असं माझं मत. पाव भाग गेला असेल तर झाड चांगलं वाचतं. मधलं जे आहे ते तुमची जमीन, झाडाचा जोम आणि तुमची चिकाटी यांवर. शेवटाला लागलेलं झाड आणखी एका खुणेवरून ओळखू येतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंडे वाळतात, आणि भलत्याच वेळी झाड फुलांनी लदबदून येतं. नवखा माणूस हरखतो. ते मरणाऱ्या झाडाचं फुलणं असतं.

आता एक काम करा. कागदावर बागेच्या ओळी काढा आणि सतरा झाडांवर फुल्या मारा. गेल्या वर्षीच्या चारांना गोल करा. माझी पैज, बऱ्याच फुल्या त्या चारांच्या उताराकडे, ओढ्याच्या अंगाला निघतील, आणि ज्या ओळीला पाटाने मोकाट पाणी जातं त्या ओळीत जास्त. एका झाडाच्या आळ्यातलं पाणी पुढच्या आळ्यात, तिथून त्याच्या पुढच्या आळ्यात, असं दिलं की आपणच बीजाणूंना ओळीने घरोघर पोहोचवतो. फुल्या जर उताराशी न जुळता बागभर विखुरलेल्या निघाल्या, तर मग मला वेगळी शंका येईल: रोग रोपांच्या पिशवीतूनच आला.

ही शंका हवेतली नाही. रोपवाटिका सुरू केली तेव्हा पिशव्या भरायला माती मी आमच्याच जुन्या बागेतली, झाडाखालची घेतली. भुसभुशीत, शेणखताने काळीभोर, फुकटची. दोन वर्षांनी ज्यांना कलमं दिली त्यांच्यातल्या एकाचा फोन आला, मग दुसऱ्याचा. बागेत जाऊन पाहिलं तर डिंक. त्या लोकांनी मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. त्यानंतर पिशवीची माती उन्हाळ्यात प्लॅस्टिकखाली तापवल्याशिवाय वापरली नाही, आणि बागेतली तर कधीच नाही.

दुसरी चूक माझी एकट्याची नाही, निम्म्या जिल्ह्याची आहे. कलमाचा डोळा मातीत गाडणे. आपण मोसंबी जंबेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबांच्या खुंटावर, म्हणजे त्यांच्या मुळं-बुंध्यावर, बांधतो. त्यात रंगपूर बऱ्यापैकी तग धरतो, जंबेरी कच्ची, आणि वरची मोसंबीची साल सर्वांत नाजूक. डोळा जमिनीपासून नऊ-दहा इंच वर बांधतात तो यासाठीच, की नाजूक साल ओल्या मातीपासून लांब राहावी. आपण काय करतो? वारा लागतो म्हणून रोप खोल लावतो, मग दरवर्षी बुंध्याला मातीची भर घालतो, त्यावर शेणखताचा ढीग टाकतो. नऊ वर्षांत डोळा गडप. तुमच्या बागेत बहुतेक हेच झालं असणार. तिसरी गोष्ट रोटाव्हेटर. झाडाच्या घेराखाली तो फिरवला की वरच्या थरातल्या मुळ्या तुटतात, आणि तुटलेली मुळी म्हणजे उघडं दार.

तर आत्ता, तोडणीच्या तोंडावर, करायचं काय? सगळ्या चारशे झाडांच्या बुंध्यापासची भर ओढून डोळा मोकळा करा. मजूर लागतील, पण तुमच्या बागेत यापेक्षा मोलाचं दुसरं काम मला दिसत नाही. मग सतरा झाडांची रोगट साल पटाशीने किंवा धारदार चाकूने खरवडायची. तपकिरी संपून चांगली साल लागेपर्यंत, आणि तिथेही बोटभर पुढे. खाली गोणपाट अंथरा म्हणजे तुकडे मातीत पडणार नाहीत. तुकडे लगेच जाळा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना हत्यार पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवा. लिटरला १० ग्रॅम. त्याच पाण्याने जखम धुवा, सुकू द्या आणि वर बोर्डो मलम लावा.

मलम घरीच करा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात रात्री भिजत घाला, प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडाचं भांडं अजिबात नको. दुसऱ्या बादलीत एक किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडून, गाळून, पाच लिटर करा. दोन्ही थंड झाल्यावर तिसऱ्या बादलीत एकदम ओता आणि काठीने ढवळत राहा. आकाशी निळं, ताकापेक्षा दाट व्हायला हवं. त्यात घासलेला लोखंडी खिळा किंवा विळी मिनिटभर धरा. तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, साल भाजेल, म्हणून चुन्याची निवळी वाढवा. चुना जुना, हवेने मेलेला असला की हे हमखास होतं. मलम त्याच दिवशी संपवा, शिळं निरुपयोगी. रोगट झाडांनाच नाही, सगळ्या बागेला जमिनीपासून दोन-तीन फूट लावा. वर्षातून दोनदा: एकदा आता, एकदा मेअखेर, पहिल्या पावसाच्या आधी. यातली मेअखेरची वेळ खरी कामाची, आणि लोक नेमकी तीच चुकवतात, कारण तेव्हा डिंक दिसत नसतो.

या निळ्या औषधाचा शोधही मजेशीर आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना चोरांनी घड तोडू नयेत म्हणून मोरचूद-चुना फासत. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते मांडलं. द्राक्षाचा केवडाही याच पाण्याच्या गोत्रातला, म्हणून आपल्याकडेही मोरचूद चालतो.

आता औषध. तुम्ही विचारलंच आहे म्हणून. मातीतून द्यायचं तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं तयार मिश्रण, लिटरला २.५ ग्रॅम, बुंध्याजवळ आणि झाडाच्या घेराखाली आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मातीत ओतायचं. किंवा फॉसेटिल ॲल्युमिनियम लिटरला २.५ ग्रॅम फवारून. ते पानातून खाली मुळांपर्यंत उतरतं, ही त्याची खासियत. पण हे कधीही कॉपरसोबत, म्हणजे बोर्डोसोबतही, मिसळू नका, आणि कॉपरच्या फवारणीला लागूनही देऊ नका, पानं भाजतात. सध्या तुमची फळं तोडणीला आली आहेत. लेबलवर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते वाचल्याशिवाय काहीही फवारू नका. तोडणी आटोपून आळवणी केलीत तरी काही बिघडत नाही. मेटॅलॅक्झिल दर महिन्याला मारत बसणारेही मी पाहिलेत. रोग त्याला सरावतो आणि मग ते पाण्यासारखं होतं. पावसाळ्यात एकदा-दोनदा, बस्स. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किंवा परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण द्यायचं असेल तर कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या, आणि रासायनिक आळवणीपासून पंधरा-वीस दिवस लांब ठेवा, नाहीतर एका हाताने पेरून दुसऱ्याने उपटल्यासारखं होईल.

एवढं सगळं करून पाणी पूर्वीसारखंच दिलंत तर पुढच्या दिवाळीत पुन्हा मला लिहाल. मोकाट पाणी बंद. ठिबक असेल तर नळी बुंध्याला चिकटवून ठेवू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी, ड्रिपर घेराच्या कडेला, कारण पाणी पिणारी बारीक मुळी तिथेच असते. ठिबक नसेल तर दुहेरी आळं करा. आतलं खोडाभोवती फूट-दीड फुटाचं, ते कोरडं राहतं. बाहेरचं घेराएवढं, पाणी त्यात. आणि प्रत्येक आळ्याला पाटातून वेगळं तोंड, आळ्यातून आळ्यात नाही. पावसाळ्यासाठी उताराच्या दिशेने दर दोन ओळींनंतर दीड-दोन फूट खोल चर काढून ओढ्याकडे सोडा. तुमची जमीन खरंच मध्यम आहे की खाली चिबड, पाणी धरून ठेवणारी आहे, हे एका खड्ड्यात कळेल. दोन फूट खोदा, पाण्याने भरा, जिरू द्या, संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर चर हाच तुमचा पहिला खर्च, औषध नंतर.

ताणाचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण आंबे बहार (हिवाळा सरताना येणारी फुलं) घेता म्हणजे विचाराल. चांगल्या झाडांना नेहमीसारखा ताण द्या. सतरा झाडांना देऊ नका. मुळ्या आधीच कमी झालेल्या, त्यात पाणी तोडलं तर सावरायला बळच राहत नाही. त्यांच्यावर एक बहारही घेऊ नका, फुलं आली तरी फळ झाडून टाका. बाकीच्या बागेला जानेवारीत ताण तोडताना आधी हलकं आंबवणीचं पाणी, मग चिंबवणी, मग पुरतं पाणी. तहानलेल्या झाडाला पहिल्याच दिवशी तुडुंब भरलं की माती चार दिवस चिंब राहते, आणि याला हवा असतो तोच आषाढ आपण पौषात तयार करून देतो.

राहिली छाटणी. ऑगस्ट-सप्टेंबरात जी फळगळ होते, देठाजवळ काळं-तपकिरी होऊन फळ सुटतं, ती बऱ्याचदा दुसऱ्या, खऱ्या बुरश्यांची. त्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे आपण ज्याला सल म्हणतो त्यावर राहतात, आणि पावसाच्या थेंबांनी खालच्या फळांवर उतरतात. इथे तुमचा रास्पबेरीचा व्हिडिओ तंतोतंत लागू पडतो. तोडणी झाली की सल काढा, हिरव्या भागात बोट-दोन बोटं आत जाऊन काढा, बांधावर न टाकता जाळा, आणि वरून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. म्हणजे तेवढाच मोरचूद-चुना, पण शंभर लिटर पाण्यात. कार्बेन्डाझिमही लागलंच तर या कामाला, बुंध्याच्या नाही. जमिनीला टेकणाऱ्या फांद्याही अडीच-तीन फुटांपर्यंत उचलून घ्या. मातीचे शिंतोडे खालच्या फळाला लागले की डिंक्यावालाच फळही तपकिरी कुजवतो, आणि असं एक फळ क्रेटमध्ये गेलं तर जालन्याच्या मार्केटला पोहोचेपर्यंत शेजारची चार नासतात. पण हिरवी जोरदार छाटणी नको. साल उघडी पडते, उन्हाने भाजते.

वाळलेल्या दोन झाडांच्या खड्ड्यांत लगेच नवीन कलम लावायची घाई करू नका. मुळ्यांसकट झाड काढा, खड्डा मोठा करून पूर्ण उन्हाळा उघडा तापू द्या, जुनी माती बाहेर, नवी माती बाहेरच्या पडीक रानातली. आणि कलम घेताना रंगपूरवरचंच मागा, पिशवी फाडून मुळी बघा, पांढरी नसेल तर परत करा. शंका असेल तर बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, मूठभर मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन जा. फोटो दाखवण्यापेक्षा ते बरं.

मला मात्र आधी दोन गोष्टी कळवा: तो फुल्यांचा कागद, आणि वरच्या, मधल्या अन् ओढ्याकडच्या ओळीतल्या पाच-पाच झाडांचा डोळा मातीच्या वर किती बोटं आहे, की खालीच आहे.